स्वित्झर्लंडमध्ये व्हिया फेराटा करायचंय, सह्याद्रीतलं सामान चालेल का?

रानभूल (पुणे)

नमस्कार मंडळी, सप्टेंबरमध्ये बासेलला ताईकडे चाललोय, पंधरा दिवस मुक्काम आहे. तिकडे जाऊन नुसतं ट्रेनच्या खिडकीतून डोंगर बघत बसायचं नाही हे आधीच ठरवून टाकलंय. ताईच्या ऑफिसातल्या एकाने म्युरेनच्या व्हिया फेराटाचा व्हिडिओ पाठवला होता, कड्यात ठोकलेल्या लोखंडी सळ्या, त्यावर पाय टाकत माणसं आडवी चाललीयत, छातीशी पोलादी केबल आणि खाली थेट दरी, ते बघितल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही.

माझा अनुभव आधी सांगतो म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. सह्याद्रीत बरीच वर्षं फिरतोय, हरिहर, कलावंतीण, अलंग-मदन-कुलंग झालेत, ग्रुपबरोबर रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं) करतो, जुमारिंग (दोरावरून वर चढणं) येतं. लीड क्लाइंबिंग, म्हणजे सगळ्यांच्या पुढे दोर लावत चढणं, केलेलं नाही. उंचीचा त्रास होत नाही.

माझ्याकडे सिट हार्नेस (कमरेचा पट्टा), हेल्मेट, दोन डायनीमा स्लिंग (न ताणणाऱ्या धाग्याचे पट्ट्यांचे फास) आणि चार स्क्रूगेट कॅराबिनर (स्क्रूने बंद होणाऱ्या धातूच्या कड्या) आहेत. दोन स्लिंग हार्नेसला लावायच्या, प्रत्येकीच्या टोकाला कॅराबिनर आणि आलटून पालटून केबलला अडकवत जायचं, असं केलं तर चालेल ना? अलंगला आम्ही असंच सेल्फ अँकर करतो, म्हणजे कातळातल्या पक्क्या खुंटीला (अँकरला) स्वतःला अडकवून घेतो. तिकडे भाड्याने घ्यायचं म्हणजे रोजचे फ्रँक मोजायचे, आणि सामान घरात असताना ते जिवावर येतं.

शिवाय पहिलीच वेळ आहे तर म्युरेन बरं की आधी दुसरं काही करावं? गाइड घ्यावाच लागतो का? दाजींनापण यायचंय, त्यांचं वजन शंभरच्या थोडं वर आहे, आणि भाची तर हट्टच धरून बसलीय, ती अकरा वर्षांची आहे, ३४ किलो, शाळेतल्या क्लाइंबिंग वॉलवर नियमित जाते. तिला नेता येईल का? जाणकारांनी सविस्तर सांगा प्लीज.

दोरखंड

रानभूल, स्लिंगचं आधी बोलतो कारण बाकी सगळं त्याच्या नंतर. चालणार नाही. अजिबात नाही. नियम आहे म्हणून नाही सांगत, का ते नीट समजून घे.

अलंगला तू सेल्फ अँकर करतोस तेव्हा अँकरच्या खाली लटकलेला असतोस, स्लिंगवर आधीच वजन असतं, त्यामुळे पाय सुटला तरी वीतभर खाली येशील. व्हिया फेराटात गणित वेगळं आहे. केबल दर तीन ते पाच मीटरवर कातळातल्या अँकरला पक्की केलेली असते आणि मधल्या भागात तुझा कॅराबिनर तिच्यावरून मोकळा सरकतो. उभ्या टप्प्यावर तू वरच्या अँकरला पोचायला आलायस आणि हात सुटला, तर कॅराबिनर केबलवरून सरळ खाली येतो आणि खालच्या अँकरवर आदळून थांबतो. चार मीटर ते, त्यात स्लिंगची लांबी मिळव, म्हणजे पाच-सहा मीटरची पडझड आणि ती झेलायला मीटरभर स्लिंग. पडलेलं अंतर भागिले दोराची लांबी म्हणजे फॉल फॅक्टर. लीड क्लाइंबिंगमध्ये तो जास्तीत जास्त दोन होतो आणि तिथे ताणणारा डायनॅमिक रोप असतो, बिले देणारा, म्हणजे तुझा दोर सांभाळणारा माणूस असतो. इथे तो पाचच्या पुढे जाऊ शकतो, आणि डायनीमा जवळजवळ ताणतच नाही. एकतर स्लिंग तुटते, नाहीतर कॅराबिनर अँकरवर आडवा पडून मोडतो, आणि समजा काहीच तुटलं नाही तर सगळा झटका तुझ्या मणक्याला.

म्हणूनच व्हिया फेराटा सेट वेगळा असतो. दोन लवचिक हात, टोकाला खास कॅराबिनर, आणि मधे एका छोट्या पाउचमध्ये घड्या घालून शिवलेली पट्टी. जोरात पडलास की ती पट्टी पोत्याची शिवण उसवावी तशी टाके सोडत जाते आणि झटका त्यात जिरतो. ईएन ९५८ या युरोपियन स्टँडर्डची २०१७ ची आवृत्ती आहे, त्यात हे सेट ४० ते १२० किलोसाठी तपासतात आणि पट्टी २.२ मीटरपर्यंत उसवू शकते. एकदा उसवली की तो सेट संपला, परत वापरायचा नाही. आणि २.२ मीटर उसवणार याचा अर्थ तेवढं तू अजून खाली जाणार, वाटेत सळी असेल, कपारीचा कोपरा असेल, त्यावर आपटणार. म्हणजे सेट असला तरी पडणं वाईटच. व्हिया फेराटात पडायचंच नाही हा पहिला धडा, सेट आहे तो जीव वाचावा म्हणून, हातपाय शाबूत राहतील याची हमी तो देत नाही.

वापरायचं कसं तेही लिहितो. सेट हार्नेसच्या टाय-इन पॉइंटला, म्हणजे पुढे दोर बांधायच्या जागी, लार्क्स फूट गाठीने (फासातून फास ओवून) लावायचा. अँकरपाशी आलास की एक कॅराबिनर काढून पुढच्या केबलला लाव, झाकण बंद झाल्याचा टिक आवाज ऐक, मगच दुसरा काढ. दोन्ही एकाच वेळी बाहेर, असं सेकंदभरही होऊ द्यायचं नाही. चालताना मोकळा हात लोंबतो म्हणून काही जण एक कॅराबिनर हार्नेसच्या गिअर लूपला, म्हणजे सामान अडकवायच्या कडीला, अडकवून ठेवतात, तेही करू नकोस, कारण मग पट्टी उसवायच्या आधीच तो दुसरा हात ताणला जाऊन झटका जिरवणारी पट्टीच निकामी होऊ शकते. आणि दोन अँकरमधल्या एका तुकड्यावर एकावेळी एकच माणूस. वरचा पडला तर तो खालच्याच्या डोक्यावर येतो.

तुझी एक स्लिंग आणि एक स्क्रूगेट मात्र जरूर ने, दमलास की अँकरला किंवा सळीला अडकवून स्लिंगवर बसायला. तेवढंच तिचं काम.

रानभूल

दादा, इतकं समजावून कुणी सांगितलं नव्हतं, धन्यवाद. स्लिंगचा विषय संपला, सेट भाड्यानेच. एक शंका मात्र राहतेच, केबल सतत हातात आहे, पायाखाली सळ्या आहेत, मग माणूस पडतो कसा? हरिहरच्या पायऱ्यांना तर खोबण्यांशिवाय काही नाही, तरी पोरंटोरं चढतात.

आरेकाठ (बर्न)

पडण्यापेक्षा अडकणं जास्त होतं रानभूल. मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग दगडासारखा घट्ट होतो, बोटं मिटत नाहीत, पुढे जाता येत नाही आणि मागे उतरणं त्याहून अवघड. इथे रेस्क्यूला बोलावतात ते बरेचदा अशाच लोकांसाठी, जखम काही नसते पण कड्यावर चिकटून बसलेले असतात. कारण एकच, केबल ओढत हाताने चढतात. केबल तोलापुरती धरायची, हात सरळ ठेवायचे, वजन पायांवर. सह्याद्रीत कातळावर पाय ठेवायची सवय आहे तुम्हाला ती इथे फार कामाला येईल, त्याबाबतीत तुम्ही इथल्या पुष्कळ नवशिक्यांपेक्षा पुढे आहात.

आता रूटचं. इथे के-१ ते के-६ असे ग्रेड लावतात, के-१ म्हणजे केबल लावलेली पायवाट आणि के-५, के-६ म्हणजे ओव्हरहँगवर, पुढे झुकलेल्या कातळावर, हाताने लटकणं. ऑस्ट्रियात ए, बी, सी, डी, ई असं असतं, इंटरनेटवर वाचताना दोन्हीची गल्लत करू नका.

म्युरेनबद्दल माझं मत स्पष्ट आहे, पहिला रूट म्हणून नको. ताकद फार लागत नाही, साधारण सव्वादोन किलोमीटर लांब, जवळपास आडवा, म्युरेनहून सुरू होतो आणि खाली गिमेलवाल्डला संपतो, उलट्या दिशेने जायचं नाही. सुरुवात जंगलातून, कपारीवरून, मजेत जाते. मग एका ठिकाणी पायाखालची जमीन संपते आणि उघड्या भिंतीवर एकामागून एक सळ्या सुरू होतात. कलावंतीणच्या पायऱ्यांवर दरी बाजूला असते, इथे ती तळपायाखाली असते, हाताच्या अंगठ्याएवढ्या जाड सळीच्या पुढूनही दिसते आणि मागूनही, आणि लाउटरब्रुनेनच्या दरीतली घरं त्या फटीत बसतात. उंचीची भीती नसलेली माणसंही तिथे पहिल्यांदा गप्प होतात. शेवटाकडे झुलता नेपाळी पूल आहे. अप्रतिम रूट आहे, करायचाच, पण अँकरपाशी कॅराबिनर बदलणं हाताला न बघता जमायला लागलं की मग. तो हातखंडा सोप्या रूटवर बसवा.

पहिल्या दिवसासाठी एंगेलबर्ग घ्या. बासेलहून लुझर्न, तिथून एंगेलबर्गची ट्रेन, ती पाऊणेक तासात पोचते आणि तो प्रवासच बघण्यासारखा आहे. एंगेलबर्गहून केबल कारने रिस्टिस, पुढे चेअरलिफ्टने ब्रुनीहुटे. तिथे ब्रुनीस्टॉक्लीचा के-२ रूट आहे, छोटा, मोकळा, शिकायला उत्तम, आणि खाली हेर्त्सलीझे नावाचं तळं आहे, ज्यांना चढायचं नाही त्यांना त्याच्या काठाने अनवाणी चालायची वाट केलेली आहे. ताईंची सोय झाली. त्याच गावात फ्युरेनवांडचाही रूट आहे पण तो के-४, उभा आणि लांब, एकाच गावात आहे म्हणून त्याच दिवशी उरकू असं मनात आणू नका.

दुसरा दिवस आयगर रोटस्टॉक. ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलहून आयगर एक्स्प्रेस गोंडोलाने पंधरा मिनिटांत आयगरग्लेचर स्टेशन, उंची २३२० मीटर, तिथून चालत कड्याच्या पायथ्याशी आणि मग शिड्या, केबल करत २६६३ मीटरच्या माथ्यावर. हाही के-२ धरतात. आयगर शिखराची नॉर्थ फेस, म्हणजे उत्तरेकडची भिंत, जी १९३८ मध्ये पहिल्यांदा चढली गेली, ती शेजारी उभी असते आणि मान वर करून तिच्याकडे बघण्यात वेळ कसा जातो कळत नाही. मात्र उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिथल्या घळीत बर्फ असतो आणि सप्टेंबरात नवा बर्फ पडू शकतो, आदल्या दिवशी स्टेशनवर फोन करून विचारा.

हे दोन्ही नीट झाले, अंग म्हणालं चला, तर तिसरा म्युरेन. गोटहार्डच्या बाजूला जाणार असाल तर आंडरमाटला शोलेनेन घळीतला डियावोलो रूटही मनात असू द्या, सैतानाच्या पुलापाशी सुरू होतो, १७९९ मध्ये सुवोरोवची रशियन फौज याच घळीतून फ्रेंचांशी लढत पुढे गेली, तिचं कड्यात कोरलेलं स्मारक तिथेच आहे. आणि लॉयकरबाडचा डाउबेनहॉर्न, २९४२ मीटर, स्वित्झर्लंडमधला सगळ्यात लांब रूट, त्याचे व्हिडिओ बघून भुलू नका, तो सगळा दिवस खाणारा, अनुभवी लोकांचा रूट आहे.

गाइड कायद्याने सक्तीचा नाही. पहिल्या दिवसापुरता मात्र घ्याच असं मी म्हणेन, भाची असेल तर नक्कीच.

गिरिजा_म्युनिक

भाचीबद्दल मी लिहिते कारण माझी दोन्ही मुलं या वयातून गेलीत आणि आम्ही त्यांना बव्हेरियात आणि टिरोलमध्ये नेत आलोय.

३४ किलो म्हणजे सेटच्या ४० किलोच्या मर्यादेखाली. याचा अर्थ नुसता कागदावरचा नाही हो, इतक्या कमी वजनाला पट्टीचे टाके पाहिजे तसे उसवत नाहीत, म्हणजे मूल पडलं तर झटका जिरायच्या ऐवजी त्याच्या अंगावर येतो. म्हणून ४० किलोच्या आतल्या मुलांना सेटशिवाय वरून रोप लावलाच पाहिजे. पुढे मोठं माणूस, त्याच्या कमरेला रोप, ते वरच्या अँकरला थांबून मुलाला बिले देणार, मूल आलं की परत पुढे. हे करायला रोपचं काम यावं लागतं, आणि चालत्या रूटवर मागे रांग लागलेली असताना शांतपणे करता यावं लागतं. तुम्हाला रॅपलिंग, जुमारिंग येतं, छान आहे, पण मुलाला वर बिले देत नेणं हे वेगळं काम आहे, ते पहिल्यांदाच अनोळखी डोंगरात भाचीवर करून बघू नका. गाइडला आधीच सांगा की मुलगी अमुक वयाची, अमुक वजनाची आहे, तो रोप घेऊनच येईल.

अजून एक, जे कुणी सांगत नाही. या सेटचे कॅराबिनर तळहाताने मागून दाबून उघडायचे असतात आणि ती स्प्रिंग मोठ्यांच्या पंजाच्या हिशोबाने असते. माझ्या लेकीचा पंजा लहान, दुकानात तिने पाच-सहा वेळा सहज उघडला आणि तेवढ्यावर आम्ही खूश, पण रूटवर दर अँकरला दोनदा उघडायचा म्हणजे तासाभरात शंभरच्या आसपास वेळा, तोही एका हाताने. तिथे बोटं दुखायला लागली. तर दुकानात भाचीला दोन-तीन कंपन्यांचे कॅराबिनर हातात घेऊ द्या, डाव्या आणि उजव्या दोन्ही हातांनी, आणि सलग पन्नास वेळा उघडायला लावा. जो तिच्या हाताला बसेल तो. हार्नेस लहान मापाचा हवा, कंबर अजून भरलेली नसते त्या वयात, म्हणून छातीचा पट्टापण मागा. सळ्यांमधलं अंतर मोठ्यांच्या ढांगेने ठेवलेलं असतं, तिची उंची कमी असेल तर तिला प्रत्येक पायरी म्हणजे उडी होते, हे रूट निवडताना लक्षात असू द्या.

क्लाइंबिंग वॉलवर जाते हे चांगलंच आहे पण वॉलवर मुलं पडायला शिकतात, सोडून दे, रोप पकडेल, असं तिथे शिकवतात. इथे बरोबर उलटं आहे. हे तिला घरीच बसवून, चित्र काढून समजावा. अकरा वर्षांची मुलं फार चांगलं समजून घेतात, मोठ्यांपेक्षा जास्त शिस्तीने कॅराबिनर बदलतात.

दाजींचं, १२० किलोची वरची मर्यादा ही कपडे, बूट, पाणी, सॅक सगळं धरून आहे. बसतील त्यात, पण निघायच्या दिवशी सॅकसकट वजनकाट्यावर उभे करा.

आणि भाड्याचा सेट डोळे झाकून घेऊ नका. २०१२ मध्ये टिरोलमध्ये एका भाड्याच्या सेटचे दोन्ही हात पडताना तुटले आणि माणूस गेला, तपासात निघालं की आतलं इलॅस्टिक हजारो वेळा ताणलं जाऊन पट्टीचे धागे झिजले होते, त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी तशा बनावटीचे सेट परत मागवले. आता बनावट सुधारलीय, तरी सवय म्हणून बघायचंच. लेबलवर वर्ष आणि ४०-१२० किलो लिहिलेलं आहे का, हात लांब करून सोडले की झटकन आखडतात का, पट्टीवर लव आलीय का, पाउचमधून टाके बाहेर डोकावतायत का. मागच्या उन्हाळ्यात एका दुकानात मला दिलेल्या सेटचा एक हात लोंबतच राहिला, मी काउंटरवर ठेवला आणि दुसरा द्या म्हटलं. त्यांनी मुकाट्याने दिला. मागायला लाजू नका, तीस फ्रँकच्या आगेमागे भाडं देता तुम्ही हार्नेस-हेल्मेट-सेटचं.

तटबंदी

भाऊ, तू किल्ल्यांवर फिरणारा माणूस दिसतोस म्हणून विषय किंचित बाजूला नेतो. स्वित्झर्लंडमधले रूट तसे नवे आहेत, तिथला पहिला टेलीचा, गाडमेन खोऱ्यातला, १९९३ चा. खेळ म्हणून, पर्यटन म्हणून बांधलेले. पण कधी इटलीत डोलोमाइट्सला जायला मिळालं तर सोडू नकोस. आल्प्समध्ये कातळात लोखंड ठोकणं जुनं आहे, ऑस्ट्रियात डाखस्टाइनवर १८४३ मध्येच सळ्या आणि दोर लावले होते, पण डोलोमाइट्समध्ये जाळं विणलं गेलं ते पहिल्या महायुद्धात. १९१५ ते १९१७ इटलीची आणि ऑस्ट्रिया-हंगेरीची फौज या सुळक्यांवर समोरासमोर बसली होती, हिवाळ्यातसुद्धा. रसद, दारूगोळा, जखमी माणसं, सगळं कड्यांवरून न्यायचं म्हणून शिड्या, दोर, लाकडी फळ्या.

लागाझुओई बघ. वर ऑस्ट्रियन, मधल्या कपारीत इटालियन, कुणाला कुणी हलवू शकेना, मग दोघांनीही डोंगराच्या पोटात बोगदे खणून सुरुंग लावायला सुरुवात केली. इटालियनांचा मोठा सुरुंग जून १९१७ मध्ये उडाला, कड्याचा ढासळलेला भाग आजही फाल्झारेगो खिंडीतून दिसतो. तो इटालियन बोगदा आता उतरता येतो, केबल कारने वर जायचं आणि डोक्याला हेल्मेट, कपाळाला टॉर्च लावून किलोमीटरभर आतून खाली यायचं, ओल्या पायऱ्या, बाजूला धरायला केबल, मधे सैनिकांच्या झोपायच्या खोल्या, बंदुकीच्या खिडक्या. आपण जंग्या बघतो ना बुरुजात, त्याच कामाच्या, फक्त समोर शत्रूऐवजी आता पर्यटक असतात. अवघड काही नाही, भाचीला घेऊन जाता येईल, अर्थात कुणाचा तरी हात धरून. मी तिथे तासाभराच्या कामाला अर्धा दिवस घातला. युद्धानंतर त्यातल्या बऱ्याच वाटांची डागडुजी होऊन त्या गिर्यारोहकांसाठी खुल्या झाल्या.

बासेलहून गाडीने जाण्यात अख्खा दिवस जातो हे खरंय, या खेपेला बसणार नाही कदाचित. पण लिहून ठेव.

रानभूल

सगळ्यांचे मनापासून आभार. गिरिजाताई, तुमची पोस्ट ताईला वाचून दाखवली, ती म्हणाली आता मला झोप लागेल. लागाझुओई तर ऐकूनच अंगावर काटा आला, पुढच्या खेपेला फक्त त्यासाठी येईन.

ठरलंय ते असं, पहिला दिवस एंगेलबर्ग, गाइडसकट, भाची रोपवर. मग एक दिवस विश्रांती. मग मी आणि दाजी रोटस्टॉक. म्युरेनचं त्यानंतर बघू, आणि गेलो तर भाचीला घेणार नाही, तिला आत्ताच सांगून टाकलंय, फुगून बसलीय.

शेवटची विचारणा, हवामानाचं. आपल्याकडे पावसात कातळ निसरडा होतो तेवढं कळतं, पण पोलादी केबलला बांधलेलं असताना वीज म्हटलं की पोटात गोळा येतो. तिथे सकाळी किती वाजता निघायचं? आणि इन्शुरन्सचं काय करावं लागतं?

आरेकाठ (बर्न)

विजेची भीती योग्यच आहे, केबल म्हणजे डोंगरभर पसरलेली तारच. म्हणून नियम असा की गडगडाटाचा अंदाज असेल त्या दिवशी रूटला हातच लावायचा नाही. जुलै-ऑगस्टला दुपारनंतर ढग चढतात आणि तासाभरात चित्र पालटतं, सप्टेंबर त्यामानाने शांत असतो, हवा कोरडी, दूरवरचं दिसतं, मलाही तोच महिना सगळ्यात आवडतो. तरी मेटिओस्विस या इथल्या हवामान खात्याचं ॲप घ्या, आदल्या रात्री आणि सकाळी परत बघा. पहिल्या लिफ्टने वर जा, दुपारी एकच्या आत केबलवरून बाहेर. वाटेत गडगडलंच तर काही रूटना मधे बाहेर पडायच्या वाटा असतात, सुरुवातीच्या फलकावर दाखवलेल्या, त्या फलकाचा फोटो फोनमध्ये घेऊनच निघा. धार, माथा, शिडी, यांच्यापासून शक्य तितकं लवकर दूर व्हायचं. दोनशे मीटर राहिलेत, तेवढे करूनच टाकू, हा विचार मनात आला की लगेच थांबायचं.

ओलसर कातळाबद्दल, सप्टेंबरात उत्तरेकडच्या भिंती सकाळी दवाने ओल्या असतात, केबलसुद्धा थंडगार. हातमोजे लागतातच, बोटं उघडी असलेले चालतील पण तळव्याला चामडं हवं, केबलचा एखादा तुटलेला तंतू बाहेर आलेला असतो तो तळहात फाडतो. तुमचे रॅपलिंगचे ग्लोव्ज उत्तम. बूट आपले नेहमीचे, कडक तळव्याचे.

शेवटच्या लिफ्टची वेळ वर पोचल्या पोचल्या बघा. सप्टेंबरात वेळापत्रक बदलतं, चेअरलिफ्ट आधी बंद होते आणि मग गुडघ्यांवर उतरावं लागतं, भाचीबरोबर ते नको.

इन्शुरन्स, भारतातून घेतलेल्या ट्रॅव्हल पॉलिसीत न मिळणाऱ्या गोष्टींची यादी वाचा. बऱ्याच पॉलिसींत गिर्यारोहण, दोर लावून केलेलं चढणं असं सगळं वगळलेलं असतं, जास्तीचा प्रीमियम भरून ॲडव्हेंचर स्पोर्ट्सचं कव्हर घेता येतं, त्यात व्हिया फेराटा धरलंय का हे ईमेलवर लेखी मागून घ्या. हेलिकॉप्टर यावं लागलं तर बिल हजारोंच्या फ्रँकमध्ये असतं. इथे हवाई रेस्क्यू रेगा ही संस्था करते, नंबर १४१४, तो आत्ताच सेव्ह करा. वाले कँटनमध्ये (कँटन म्हणजे इथलं राज्य), म्हणजे लॉयकरबाड, झेरमाट, सासफे वगैरे, मात्र १४४ लावायचा, तिथली हेलिकॉप्टरं वेगळी. कुठेच काही सुचलं नाही तर ११२. दाजींच्या फोनमध्येही हे नंबर हवेत आणि फोन सॅकमध्ये तळाला नाही, वरच्या कप्प्यात.

एंगेलबर्गच्या दुकानात दोन दिवस आधी फोन करून लहान मापाचा हार्नेस आणि छातीचा पट्टा बाजूला ठेवायला सांगा, मुलांच्या मापाचे मोजकेच असतात आणि शनिवारी सकाळी ते आधी जातात. गाइडचं बुकिंग त्याच्याही आधी, हवा बिघडली तर दुसरा दिवस देणार का हे विचारूनच पैसे भरा.